ऊस मागणारा

सणसरच्या फाट्यावर तो प्रत्येक उसाच्या ट्रॅक्टरला हात करायचा. ड्रायव्हर हसायचे, "तात्या, दात तरी हायत का?" तो हसायचा नाही. ऊस द्यायला वाकलेल्याचं तोंड निरखायचा आणि ऊस मागं फेकून द्यायचा. कमरेला धारेचा कोयता.

त्याची लेक ट्रॉलीखाली गेली आणि ड्रायव्हर पळाला, असं चहावाल्यानं सांगितलं. माझी मंडळी वारल्यापासनं घर खायला उठतं, म्हणून मीही तिथंच घुटमळायचो. एकदा तात्याला विचारलं, "त्या ड्रायव्हरचा चेहरा ध्यानात हाय का?"

"हुता. आता समदेच त्याच्यासारखे दिसत्यात, आबा," म्हणत त्यानं कोयता उपसला.

पुढचा ट्रॅक्टर थांबतच होता. मी तात्याच्या आडवा येऊन ड्रायव्हरला ओरडलो, "थांबू नगं! हाण फुडं!"

ट्रॅक्टर गेला. मग तो माझं तोंड निरखायला लागला. मला पळावंसं वाटलं नाही, त्याचीच आता भीती वाटते.