रिबेकाअक्कांचा दंड

तंजावुरात आम्ही चार मराठी माणसं कॉफीला बसलो की रिबेकाअक्कांचा विषय निघतोच. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा ओरडतो, "थांब, आधी माझा ऐक!" कॉफी गार होते. अक्का आता नाहीत, तरी त्यांचे किस्से वाढतच चाललेत. कसे, देव जाणे!

अक्का अलिबागकडच्या, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या आणि राजवाड्यामागच्या गल्लीतलं आमचं छोटं मराठी वाचनालय त्यांनी हातात घेतलं. हातात काय घेतलं, कपाटांना कुलपं आणि कुलपांना गंज! आम्ही सगळे घरात मराठी बोलणारे, पण वाचायचं तमिळ नाहीतर इंग्लिश. देवनागरी दिसली की आमची दातखीळ बसायची.

*

माझी आई पहिल्यांदा तिथे गेली ती नुसती बघायला. अक्का म्हणाल्या, "पुस्तक न्या की!"

"अय्यो, मला वाचता कुठे येतं?"

"मग न्याच. आणि उशिरा परत आणा. आमच्याकडे दंड पैशात नाही. एक पान मोठ्यानं वाचायचं. अडलात तर मी आहे."

वाचून झालं की शाबासकी वगैरे काही नाही. फक्त एवढंच, "हं, पान उलटा."

पुढे पुढे आई मुद्दाम उशीर करायला लागली!

*

दंडातून स्वतःच्या पोरालाही सूट नव्हती. त्यांचा बेनी माझ्याच वयाचा. एकदा तापानं फणफणला होता, म्हणून पुस्तक राहिलं. बरा झाल्यावर अक्कांनी त्याला मऊ भात भरवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता वाच." पुढे बेनी परदेशी गेला, तर त्याच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर पान वाचायला लावायच्या. नातीचं नेटवर्क गेलं की म्हणायच्या, "बापावर गेलीय. हासुद्धा असाच पळायचा!"

*

शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणजे कामाला हात न लावायचा दिवस. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत वाचनालय बंद. कमिटीतल्या एकानं कुरकुर केली, तर अक्का शांतपणे म्हणाल्या, "देवानं सहा दिवस काम केलं. मी त्याच्यापेक्षा जास्त केलेलं त्याला आवडेल का?"

कमिटीनं शनिवारची सुट्टी मान्य केली. तेव्हापासून आमचं वाचनालय रविवारी उघडं असतं, आणि पोरंही रविवारीच येतात. मी आज हे मराठीत लिहितेय ना, ते त्या रविवारांमुळे. अक्कांचे उपकार फिटायचे नाहीत.

*

आता गोविंदमामा. मोठे रिटायर्ड ऑफिसर, इंग्लिशमध्ये भाषण द्या म्हटलं की माइक सोडत नाहीत. त्यांनी एक पुस्तक नेलं ते परत आणेचनात. चारचौघांत अडखळत वाचायचं म्हणजे इज्जतीचा सवाल!

रस्त्यात अक्का दिसल्या की मामा समोर येईल त्या टाउन बसमध्ये चढायचे. एकदा असे चढले ते थेट वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ओरत्तनाडूला पोचले. संध्याकाळी घामाघूम होऊन परतले.

अक्कांना कळलं तेव्हा त्या हसून हसून बेजार. "अहो, निदान बसची पाटी तरी वाचायची! ती तर तमिळमध्ये होती!"

*

एकदा त्यांनी मला आपलं प्रार्थनेचं पुस्तक दाखवलं. गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना उघडून दिली, आणि मी वाचायला लागले. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, अर्थ एकाचाही लागेना.

"भाषा हिब्रू, अक्षरं आपली," अक्का म्हणाल्या. "आमच्या आजी-आजोबांना हीच अक्षरं यायची ना." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी गेले की गावाकडे वाचतील गं. पण माझा जन्म इथे गेला. इथे माझ्यासाठी हे कोण वाचणार?"

मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. घरी येऊन खूप रडले.

*

अक्का गेल्या. दफन त्यांच्या गावी झालं. मग बेनी तंजावूरला आला आणि आम्ही सगळे वाचनालयात जमलो. त्यानं आईचं तेच पुस्तक उघडलं. "या प्रार्थनेला आमच्यातले दहा पुरुष लागतात," तो म्हणाला. "नियमानं हे चालायचं नाही. पण आईची इच्छा होती."

त्यानं सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि त्याचा आवाजच फुटेना. 

तेवढ्यात मागून गोविंदमामा पुढे आले. काखेत ते वर्षानुवर्षं थकलेलं पुस्तक, पानं वाचून वाचून मऊ झालेली. ते त्यांनी अक्कांच्या टेबलावर ठेवलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"अक्का, फार उशीर झाला," म्हणाले. "दंड भरतो."

बेनीच्या हातातलं पुस्तक घेऊन, अक्षराखाली बोट धरून, मामा मोठ्यानं वाचायला लागले. सावकाश, पण कुठे अडले नाहीत. शेवटी आम्ही सगळे "आमेन" म्हणालो.

मामा तसेच उभे. खुर्चीकडे बघत.

मग त्यांनी पान उलटलं.