असेलच

घरात तिला भित्री भागूबाई म्हणत. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी, कुलूप ओढून ओढून त्याचा जीव काढणारी. नवरा म्हणे, "एक दिवस ते कुलूपच हात जोडून म्हणेल, बाई, लागलोय गं मी!"

ऑफिसात मात्र ह्या भीतीला मान होता. शहरात कुठली ॲम्ब्युलन्स कुठे धाडायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम तिच्याकडे होता. जुना प्रोग्रॅम जरा गर्दी झाली की मान टाकायचा, म्हणून तिने वर्षभर खपून तो नव्या भाषेत लिहून काढला. वेगाने चालणारी, पण भलती खाष्ट भाषा. लिहिलेलं तपासून मगच यंत्राच्या हवाली करणारा तिचा कंपायलर हटून बसायचा. एखादी जागा रिकामी निघू शकत असेल, तर "निघाली तर काय करणार?" ह्याचं उत्तर मिळाल्याखेरीज पुढे सरकू द्यायचा नाही.

"ह्यापेक्षा सासू परवडली," शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला करवादायचा.

तिला मात्र तो कंपायलर आवडे. आपल्याहून घाबरट कुणीतरी भेटलं होतं.

त्या दिवशी सकाळी सगळे फोन नव्या प्रोग्रॅमवर वळवले. साहेबांनी पाठ थोपटली. दुपारी ती डबा उघडते तोच आईचा फोन.

"मामाच्या नव्या घरी आलेय गं. ऐसपैस आहे, पण बिल्डिंगला अजून नंबरच नाही. सिलिंडरवाला शोधून शोधून परत गेला."

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

घराचा नंबर! कंपायलर तिथेच अडला होता. घाईच्या दिवसांत तिने एका शब्दात त्याचं तोंड बंद केलं होतं. असेलच, तपासू नकोस. मागाहून नीट करू म्हणून. ते मागाहून राहूनच गेलं.

आता नंबर नसलेला पत्ता आला, की त्या पत्त्याचं काम जागच्या जागी कोसळणार. आणि नेमकं त्याच वेळी, एकच गाडी दोघांना जाऊ नये म्हणून, गाड्यांची यादी त्याने कुलूप लावून हातात धरलेली असणार. पडणारा किल्लीसकट पडणार. मग त्या एकालाच काय, पुढे कुणालाच गाडी मिळणार नाही.

तिने साहेबांना सांगितलं.

"जुना उठवायला वेळ जाईल," साहेब पांढरेफटक पडले. "तू दुरुस्त कर. मी खाली फोनवरच्या बायकांना सांगतो."

"खालचा फोन लावून बघितला, लागत नाहीये, सर. मी जाते."

ती जिना उतरली की पडली, तिलाच ठाऊक. खाली फोन घेणाऱ्या बायकांची रांग. शेवटच्या खुर्चीतल्या ताई फोनवर म्हणत होत्या, "नंबर नाही ना? राहू दे. पाण्याच्या टाकीमागे, बरोबर?" त्यांचं बोट बटणावर गेलं होतं.

"ताई, थांबा!"

"थांबा काय? हिचा नवरा छाती धरून बसलाय!"

"नंबराच्या जागी शून्य टाका. रिकामं नको. पाया पडते!"

ताईंनी ती वेडी असल्यासारखं तिच्याकडे पाहिलं, शून्य टाकलं, बटण दाबलं. पडद्यावर गाडीचा ठिपका हलला. ती रांगेभर तेच सांगत फिरली, आणि वर धावली.

चूक एका ओळीची. पण कंपायलरला घाई कुठली? तो सगळं पहिल्यापासून वाचत बसला, आणि ती घामाने भिजून त्याच्याकडे बघत. एकदाचा होकार आला. दुरुस्त प्रोग्रॅम चढला, तेव्हा खालून ताईंचा फोन आला.

"उचललं गं त्याला. शुद्धीवर आहे. पण काय गं, नंबर नसला की आम्ही नेहमीच रिकामं सोडतो. जुन्यात चालायचं."

नेहमीच. सकाळपासून असा पत्ता आला नव्हता, एवढंच.

"काय म्हणतात सासूबाई?" दाढीवाल्याने तिच्या पडद्यावरच्या कंपायलरकडे बोट करून विचारलं.

"त्यांनी तेव्हाच विचारलं होतं," ती म्हणाली.

डबा तसाच उघडा होता. शोधायच्या चौकटीत तिने कंपायलरचं तोंड बंद करणारा तोच शब्द लिहिला. बोट काही केल्या खाली येईना. शेवटी डोळे मिटून दाबलं, आणि उघडले.

तो शब्द आणखी तीन ओळींत होता. ती पहिली वाचू लागली.