अक्काच्या पायावरचा खड्डा

मागच्या आठवड्यात इथे एका मुलीनं विचारलं होतं — मेडिकलची सीट थोडक्यात हुकलीय, पुढच्या वर्षी परत बसणार आहे, तर हे मधलं वर्ष कसं घालवू? सगळ्यांनी छान छान सल्ले दिलेत. कुणी म्हणालं कम्प्युटर शीक, कुणी म्हणालं इंग्रजी सुधार, एका काकांनी तर योगासनांचं वेळापत्रकच टाकलंय. मीही उत्तर लिहायला बसले. चार ओळी लिहिल्या, खोडल्या... आणि लक्षात आलं की माझ्या त्या वर्षाबद्दल मी चौदा वर्षांत कुणापाशी धड बोललेलीच नाही. म्हणून तिकडे न लिहिता या अनाकलनीय अनुभवांच्या धाग्यावर लिहितेय.

आधीच सांगते, मी डॉक्टर आहे आणि स्वभावानं फटकळ आहे. इथले पिंपळ, पांढऱ्या साड्या नि उलटे पाय वाचून मी पुष्कळदा हसलेय. कुणाच्या अंगात आलं तर मी आधी त्याचं बीपी बघते. तेव्हा मला पटवायला येऊ नका, आणि मीही कुणाला पटवायला बसलेली नाही. जे झालं ते सांगते.

आमचं गाव बिदर जिल्ह्यात, औरादपासून तीन किलोमीटर. नाव सांगत नाही, आई-अप्पा अजून तिथंच असतात. आम्ही धनगर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, अप्पांच्या वाट्याला औरादच्या आठवडी बाजारात घोंगड्या विकणं आलं. घरात मराठी, गल्लीत मराठी, पण अप्पांनी आम्हा दोघी बहिणींना औरादच्या कन्नड शाळेत घातलं. म्हणायचे, राज्य कर्नाटकाचं हाय, नोकरी कन्नडनंच मिळंल. गल्लीतली बाकी पोरं मराठी शाळेतली, त्यामुळे कन्नड ही आमची दोघींची खासगी भाषा झाली. सागरगोटे खेळताना, चिंचा वाटून घेताना आम्ही ओंदु, एरडु, मूरु असंच मोजायचो. बाकीची पोरं चिडायची, आणि आम्हाला तेच हवं असायचं.

अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. कडबा कापताना एकदा विळा लागला, तेव्हापासून तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. ते कधी नीट उगवलंच नाही. सातवी झाल्यावर ती घरी बसली, कारण दोघींना शिकवणं अप्पांना झेपणार नव्हतं. सुमीला शिकवा, तिचं डोकं चालतंय, असं तीच म्हणाली होती. खरं तर तिचं डोकं माझ्यापेक्षा जास्त चालायचं. मला हे तेव्हाही माहीत होतं, पण मी गप्प बसले, कारण शाळा मला हवी होती.

१९९७ साली माझी सीईटीची सीट थोडक्यात हुकली. मग काय, सगळा गाव सल्लागार झाला. हेडमास्तर म्हणाले, बीएस्सी कर. चुलते म्हणाले, स्थळ बघा, डॉक्टरणीला नवरा कुठून आणणार? आई कुणाचंही ऐकून माझ्याकडे बघायची. अक्का तेव्हा बिदरजवळ कमठाण्याला सासरी होती. तिनं निरोप धाडला — एक साल म्हंजे काय लई न्हाई, तिला परत बसू द्या. अप्पांनी तिचं ऐकलं. तिचं सगळेच ऐकायचे, आणि त्यामुळेच मला ते वर्ष मिळालं.

डिसेंबरात अक्काला सातवा लागला. पहिलं बाळंतपण, म्हणून रिवाजाप्रमाणे ओटी भरून अप्पा तिला माहेरी घेऊन आले. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस कोणते विचाराल तर ते. सकाळी ओसरीवर मी मोठ्यानं वाचायची आणि अक्का घोंगडीवर पाय पसरून टकळीवर लोकर कातायची. मग माझं गाइड हातात धरून प्रश्न विचारायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, मी उत्तर ठोकून दिलं तरी चाललं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखायची. थापा मारायलीस, म्हणायची. परत वाच.

एका दुपारी तिचे पाय चेपत होते. अंगठा काढला तर पायावर खड्डा तसाच राहिला, मळलेल्या पिठात बोट दाबल्यागत. मला गंमतच वाटली. मी मोजायला लागले — ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु — पाचाला खड्डा भरला. झालं, रोजचा खेळच लागला. दुपारी घरात दोघीच उरलो की मी तिचा पाय मांडीवर घ्यायची, अंगठा दाबायचा, आणि दोघींनी मोजायचं. कितीला भरेल ते आधी सांगायचं, चुकेल तिनं चिंच द्यायची. पाचाचे आठ झाले, आठाचे अकरा, अकराचे चौदा. जोडवी रुतायला लागली तशी आईनं साबण लावून काढून ठेवली. म्हणाली, पहिलटकरणीचे पाय सुजत्यातच. तोंडही फुगलं, तर शेजारणी म्हणाल्या, माहेरचं अंगी लागलंय पोरीला.

तेवढ्यात आठवा लागला. आमच्याकडे रिवाज असा की सातव्यात आणा, नवव्यात कुठं न्यायचं तर न्या, पण आठव्यात बाईनं गावची वेस ओलांडायची नाही. अक्काचं कपाळ दुखायला लागलं तेव्हा मी आईला म्हणाले, औरादच्या दवाखान्यात दाखवू या का? तीन किलोमीटरवर दवाखाना होता. आई म्हणाली, नववा लागायला नऊच दिवस राहिलेत, लागला की त्याच दिवशी नेऊ.

मी बरं म्हणाले. आज मी रिक्षावाल्याशी भांडते, कॉलेजच्या डीनशी भांडले आहे... पण त्या दिवशी भांडले नाही. मला वाटलं, आईला जास्त कळतं.

संक्रांत होऊन गेली होती. त्या दुपारी अक्काला जेवण गेलं नाही, पण खेळ हवा होता. मी अंगठा दाबला. दहा झाले, पंधरा झाले, खड्डा तसाच. इप्पत्तु म्हणेपर्यंत तो जेमतेम भरला. वीस! रेकॉर्डच की. मी टाळी वाजवली. अक्काही हसली, एका हातानं कपाळ दाबत हसली. घरात आम्ही दोघीच होतो. आई रानात गेलेली, अप्पा बाजारात.

तासाभरानं तिनं हाक मारली. "सुमे, डोळ्यापुढं अंधारी यायलीय गं." एवढंच. मग झटके सुरू झाले.

शेजाऱ्यांच्या टेम्पोत घालून आम्ही तिला बेशुद्धीतच वेशीबाहेर नेलं. औरादला इंजेक्शन दिलं, लगेच जीपनं बिदरला लावून दिलं. संतपूर मागं पडलं आणि अक्का वाटेतच गेली. पोटातलं बाळही गेलं. मी तिचे पाय धरून बसले होते, कारण जीपमध्ये तेवढीच जागा होती.

मे महिन्यात मी परीक्षेला बसले. कशी बसले, काय लिहिलं, आठवत नाही. सीट मिळाली, गुलबर्ग्याला. गावात पेढे वाटले नाहीत.

मेडिकलच्या शेवटच्या वर्षी एक दिवस सर फळ्यावर लिहीत होते — गरोदर बाईच्या पायावर अंगठा दाबून बघा, खड्डा पडला तर बीपी मोजा, लघवी तपासा. डोकं दुखतं, डोळ्यापुढे अंधारी येते म्हणाली तर एक मिनिट दवडू नका. तीन ओळींचं ज्ञान. मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसून रडले. मैत्रिणींना वाटलं, पाळीचं दुखणं असेल. आम्ही खड्डा मोजायचो, त्या दिवशी वीस झाले, मी टाळी वाजवली... हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, अप्पांना नाही, पुढे नवऱ्यालाही नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

आता मूळ गोष्ट. २००३ साल, माझी इंटर्नशिप, बाळंतपणाच्या ओपीडीत ड्यूटी. वेळ दुपारी दोनच्या सुमाराची, लख्ख ऊन, बाहेर ही रांग. एक बाई आत आली, नाव मंगला म्हणू. वय विशीच्या आतबाहेर, नवऱ्याबरोबर गावाकडून कामाला आलेली, तुरीच्या दाल मिलमध्ये निवडायचं काम करायची. केसांवर डाळीची भुकटी तशीच होती. मी काय होतंय विचारलं. म्हणाली, काय बी न्हाई, मला एका बाईनं लावून दिलंय. मी वैतागले. बाहेर चाळीस बाया उभ्या, आणि हिला काही होत नाही. तरी बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळायला घेतला.

ती आपली सांगत राहिली. जेवणाच्या सुट्टीत ती पोत्यांच्या सावलीला बसली होती. शेजारी एक बाई येऊन टेकली, मराठी बोलली म्हणून हिला बरं वाटलं. कितवा विचारलं, ही आठवा म्हणाली. तर त्या बाईनं सरळ हिचा पाय मांडीवर घेतला.

"अंगठा दाबला आन् मोजाया लागली. मराठीत न्हाई, कन्नडमधी. ओंदु, एरडु करत."

मी विचारलं, "कुठवर मोजलं?"

"इप्पत्तुपस्तोर. मग डोळ्याला पदर लावला. म्हणली, ऊठ, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. मी म्हणलं, आठवा हाय, सासू कुटं जाऊ देत न्हाई. तर म्हणली, आठव्याचं मला नको सांगू. तितं माझी तंगी डाक्टर हाय, ती बघंल. आता तिला कळतंय."

आता तिला कळतंय. तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण.

मी रडले वगैरे नाही. बीपी बघितलं, वरचा आकडा एकशे ऐंशीला होता. मग मी काय आरडाओरडा केला ते आमच्या सिस्टर अजून सांगतात. तिला ओपीडीतून ढकलगाडीवर घालून मी स्वतः लेबर रूमपर्यंत पळवली. इंजेक्शनं झाली, संध्याकाळी बाळंत झाली. मुलगी, लहानखुरी, पण रडली. दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेशी बसून मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कशी होती गं ती बाई? मंगलाला लुगड्याचा रंग आठवेना, चेहराही नीट सांगता येईना. चारचौघींसारखी, म्हणाली. मग स्वतःचा उजवा अंगठा वर करून दाखवला. "ह्याचं नख मधून चिरलेलं व्हतं. दाबताना दिसलं."

आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "ती तुमची अक्का व्हय? अजून कशी आली न्हाई? बाळ बघाया येते म्हणली व्हती."

मी मिलवर जाऊन आले. मुकादमाला विचारलं, बायांना विचारलं. चिरल्या नखाची बाई कुणाला माहीत नव्हती. मंगलाजवळ कुणी बसलेलं का, तर कुणाचं लक्ष नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाकडे बघतं?

मी नऊ वर्षं डोकं चालवतेय. विळा लागून नख चिरलेल्या बाया आमच्या भागात शंभर सापडतील. कन्नडमध्ये मोजणाऱ्या गुलबर्ग्यात लाखभर. कुणाची तरी बहीण डॉक्टर असू शकते, कुणाला तरी कुठल्या नर्सनं सुजेची परीक्षा शिकवलेली असू शकते. एकेक करून सगळं बसवता येतं. फक्त तो खड्डा मोजायचा खेळ बसत नाही. तो दोघींनाच माहीत होता. त्यातली एक वीस झाले त्याच दिवशी गेली, आणि दुसरीनं आजपर्यंत तोंड उघडलेलं नव्हतं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर सांगा, पण भूत-पिशाच्च म्हणू नका. ती माझी अक्का आहे.

वर्ष कसं घालवू विचारणाऱ्या त्या मुलीला एवढंच सांगते. बाई, काहीही शीक, नाही शिकलीस तरी चालेल. पण घरात कुणी दुखतंय म्हणालं आणि मोठी माणसं थांबू म्हणाली, तर भांड. घर डोक्यावर घे.

मंगला आठ दिवस वॉर्डात होती. रोज ड्यूटी संपली की मी तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर जाऊन बसायची. तिला वाटायचं, डॉक्टरीणबाई किती काळजी करतात. मी दाराकडे बघत असायची. येते म्हणाली होती ना बाळ बघायला.

कुणी आलं नाही. आली असती तर मला तिची त्या टाळीबद्दल माफी मागायची होती.