निर्गुडीचं पाणी

ताईचे पाय बधिर व्हायला लागले तेव्हा आईनं कोकणातला उपाय काढला. निर्गुडीचा पाला उकळायचा आणि त्या कढत पाण्यानं आंघोळ घालायची. ताई घाटकोपरच्या एका शाळेत शिकवायची, मी कॉलेजात होते. पाला आणायचं काम माझं. आंघोळ झाली की ताई भिंत धरून बाहेर यायची आणि म्हणायची, "आई, समोर सगळं धूसर दिसतंय."

"दुखणा अंगातून जाताना असाच होता गो," आई म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत काढायची.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. घरात कुणाला ते नाव धड म्हणता येईना. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात, असं त्यांनी समजावलं. बाबा विक्रोळीच्या कारखान्यात वायरमन. "म्हणजे इन्सुलेशन गेलं," ते हळूच म्हणाले. कुंपणच शेत खात होतं. अशा तंतूंना उष्णता सोसत नाही, गरम पाणी आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले आणि आई तिथेच रडायला लागली.

मग बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "धाकटीला?"

"रक्तातून थोडं काही येतं, पण तेवढ्यानं आजार होत नाही. आणखी काहीतरी लागतं, ते अजून नीट कळलेलं नाही. सख्खी बहीण म्हणून शक्यता थोडी जास्त, इतकंच."

ते 'थोडी' माझ्या मानगुटीवर बसलं. ताईची दया यायच्या आधी मला स्वतःची भीती वाटली, याची लाज अजून जात नाही.

ताईची नजर निवळली, पायांतली ताकद मात्र आली नाही. मी तेव्हापासून रोज सकाळी मुद्दाम कढत पाणी अंगावर घ्यायला लागले. आजार लपला असेल तर गरम पाण्यानं बाहेर येईल, हे माझं शहाणपण. मग एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या बारीक तिथ्या वाचायच्या. कुणाला कळत नाही असं मला वाटायचं.

एकदा दारापाशी खाटेवर बसलेली ताई म्हणाली, "आज डाव्या डोळ्यानं कोणती तिथी दिसली गं?"

मी खेकसले, "तुला काय करायचंय?"

ती चिडली नाही. "तू कॉलेजला निघालीस की मी जिन्यापर्यंत तुझे पाय बघते. रोज. फरफटतात का ते. मला झालं ते झालं, यार. तुला नको."

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतून ताठ, झपझप चालत गेले. मागे वळून हात केला. जिन्याच्या वळणावर तिला दिसेनाशी झाले तेव्हा कठडा धरून उभी राहिले. पाय कापत होते. भीतीनं कापतायत, असं स्वतःला सांगत मी एकेक पायरी उतरले.