चढ्या पट्टीची दुपार

उपेंद्र साउंडवाल्याला अबुधाबीतल्या कुठल्याही हॉलमध्ये न्या, गडी आधी मशीनच्या मागे वाकणार. सगळी डिजिटल मशीनं एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चाललीत ना, तेवढं बघणार आणि मग हात पुसत म्हणणार, "हं, आता चहा." लोकांना वाटतं, माणूस कामाला चोख. त्याचा जुना दोस्त खैरुद्दीन तर चारचौघांत सांगतो, "आमचा उप्या म्हंजे नुसता कान हाय, कान!" तेव्हा उपेंद्रच्या घशाखाली घास उतरत नाही. कारण घास वाढणारी शहनाझभाभी समोरच उभी असते.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात तो दुबईतल्या एका स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होता. खैरुद्दीनची बायको शहनाझ लग्नघरी गायची. ती गायला लागली की बायका मेंदीचा कोन हातात तसाच धरून बसायच्या. एका बिल्डर कंपनीच्या जाहिरातीचं गाणं आलं, तेव्हा उपेंद्रनेच तिचं नाव पुढे केलं. मुंबईहून आलेल्या वाद्यांच्या ट्रॅकची सीडी तिला दिली. आठवडाभर कांदे चिरता चिरता तिने ती घोटली.

गाण्याचं काम सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर ठोक्यांवर चालायचं, टीव्हीचं अठ्ठेचाळीस हजारांवर. एक मास्टर घड्याळ ठोके देणार, बाकीची मशीनं मुकाट त्याच्यामागून चालणार. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी टीव्हीचं काम झालं होतं आणि घड्याळ परत खाली आणायचं उपेंद्र विसरला. झालं! ट्रॅक पळत सुटला आणि पळता पळता दीडेक पट्टी वर चढला. काचेअलीकडे बसलेल्या कुणीच तो आधी ऐकला नव्हता. ऐकला होता तो एकट्या शहनाझने.

"उपेंद्रभाई, ह्ये चढं वाटतंय वो. घरी असं नव्हतं."

"भाभी, मशीन खोटं बोलत नाही. माइकसमोर सगळ्यांचंच होतं असं. यल्ला, परत घेऊ."

चौदा वेळा घेतलं. चौदाव्याला वरच्या सुरावर तिचा आवाज टर्रकन फाटला. क्लायंटने मनगटावरचं घड्याळ बघितलं. उपेंद्र म्हणाला, "तयारी थोडी कमी पडली." हे कुणी त्याला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सीडी काढताना दोन मिनिटं बावीस सेकंदांचं गाणं दोन दहाला संपलं, तेव्हा त्याने मागे वाकून मास्टर घड्याळ बघितलं. ते अजून टीव्हीच्या ठोक्यांवरच होतं. मंदी आली म्हणून मालकाने त्याच सकाळी स्टुडिओतल्या पाच माणसांपैकी दोघांना कामावरून काढलं होतं. उपेंद्रने गुपचूप घड्याळ खाली आणलं. दुपारी दुसरी गायिका आली, सरळ पट्टीत अर्ध्या तासात गाऊन गेली. तो काही बोलला नाही. शहनाझ मात्र पुन्हा कुठल्या लग्नात गायली नाही.

पुढे तो आणि खैरुद्दीन, दोघंही अबुधाबीला आले. तिथल्या मोहम्मद बिन झायद सिटीत दोन्ही घरांत चार गल्ल्यांचं अंतर. सात वर्षं उपेंद्रने त्या घरचे घावणे खाल्ले.

परवाच्या शुक्रवारी जेवणं उरकत आली आणि खैरुद्दीन म्हणाला, "आमच्या कुबराला शाळेनं ॲन्युअल डेला एकटीला गायला निवडलीय. पन हिची ना."

"ना म्हंजे नाच," शहनाझ म्हणाली. "आमच्या घरात गळाच नाय. भरल्या सभेत पोरीचा फाटला तर? माझा यांच्यासमोरच फाटला की! इचारा उपेंद्रभाईंना."

आत कुबराच्या खोलीचं दार धाडकन आपटलं.

उपेंद्र ताटावरून उठला. हातही धुतला नाही. "भाभी, तुमचा गळा बरोबर होता. घड्याळ माझं चढं होतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं."

आणि त्याने सगळं सांगितलं. शहनाझ ओट्याला टेकली.

"म्हंजे मी सुरात होते?"

"सीडीच्या सुरात होतात. म्हणून तर त्या ट्रॅकशी जमेना."

"मी बोल्ले होते तुमास्नी. चढं हाय म्हनून बोल्ले होते!" तिचा आवाज असा चढला की खैरुद्दीन दचकला. "अल्ला, सात वर्सं मी बाथरूममदीसुदा गुणगुणले नाय."

"माफ करा म्हणायला तोंड नाही."

"मग नका म्हनू. आत जावा. माझ्या पोरीला सांगा. तिला तुमची मराठी समजायची नाय, इंग्लिशमदी सांगा."

उपेंद्र आत गेला. अकरा वर्षांची कुबरा गादीवर पाय आवळून बसली होती. त्याने तोडक्यामोडक्या इंग्रजीत घड्याळ, ठोके, पट्टी सगळं सांगितलं. पोरगी हुशार, तिला पटकन कळलं.

"सो व्हाय डिडन्ट यू टेल मम्मी?"

"आय वॉज स्केअर्ड. आय थॉट, माय जॉब विल गो."

कुबराने थोडा विचार केला. "अँड डिड दे कीप यू?"

दारात शहनाझ येऊन उभी होती.

"फॉर थ्री मंथ्स," तो म्हणाला आणि शहनाझकडे वळला. "मग स्टुडिओच बंद झाला."