चौथा उपग्रह

खात्यात त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. हातोडी घेऊन पुलांच्या पोटाखाली शिरायचे, काँक्रीटवर ठोके मारायचे आणि कान देऊन आवाज ऐकायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षे केले. म्हणून ते ठोकेमास्तर. भरीव काँक्रीट टणक वाजते, आत पोकळी धरली असेल तर बद्द वाजते. हा फरक त्यांच्या कानांना अचूक कळे. यंत्रांविषयी त्यांची तक्रार नव्हती. ती सुरू झाली खात्याने लॅपटॉप दिल्यानंतर.

त्या लॅपटॉपच्या आतच जीपीएस बसवलेले होते. तपासनिसाने पुलापाशी उभे राहून अहवाल भरायचा, यंत्राने उपग्रहांवरून जागा ओळखायची, आणि ती पुलाच्या नोंदलेल्या जागेशी जुळली तरच अहवाल वर जायचा. तपासनीस घरी पाय पसरून अहवाल लिहितात, अशी वरिष्ठांची खात्री होती. काही जण लिहीतही असत. त्यांच्या पापाची शिक्षा मास्तरांच्या वाट्याला आली.

चाळीस किलोमीटरवरच्या नाल्यावरील जुन्या पुलाचा दुसरा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, सोमवारी बद्द वाजला. तुळईला बोटाचे पेर शिरेल एवढी चीर पडली होती आणि तिच्यातून गंजाचे पाणी ओघळले होते. मास्तरांनी कठड्यापाशी उभे राहून अहवाल भरला. पडद्यावर तीन उपग्रह दिसत होते. जागा ठरायला चार लागतात. पंचवीस मिनिटे ते लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून उभे राहिले. चौथा आला नाही. ‘स्थान निश्चित होत नाही’ म्हणून अहवाल परत आला.

कार्यालयात येऊन ते थेट साहेबांसमोर उभे राहिले.

“साहेब, तो पूल आजच्या आज बंद करायला हवा.”

“मी नाही म्हणतोय का, मास्तर? पण बंदीच्या आदेशावर अहवालाचा क्रमांक लागतो. तो यंत्र देतं, मी देत नाही.”

“मग मी कागदावर लिहून देतो.”

“द्या की.”

त्यांनी दोन पाने सुवाच्य अक्षरांत लिहून दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. समासात लाल शाईने शेरा होता : ‘विहित नमुन्यात सादर करावे.’

मंगळवारी ते पुन्हा पुलावर गेले. लोखंडी कठडा आड येत असेल म्हणून शंभर पावले दूर, मोकळ्या माळावर बसले. लॅपटॉप बंद करून चालू केला, स्थान दाखवण्याची परवानगी तपासली, पाऊण तास वाट पाहिली. उपग्रह दोन. निघताना त्यांनी पुलाच्या तोंडाशी दगड रचले आणि लाल फडके बांधले. परतीची बस वळणावर पोहोचायच्या आत एका टेम्पोवाल्याने खाली उतरून ते दगड पायाने बाजूला सारले. मास्तरांनी मागच्या काचेतून ते पाहिले.

बुधवारी सकाळी त्यांनी आधी भांडारपालाला गाठले. खात्याच्या प्रत्येक वस्तूचा मालक आपणच आहोत, अशा थाटात हा गृहस्थ वावरत असे.

“यंत्र बदलून द्या. जीपीएस पकडत नाही.”

“पडलं का? फुटलं का? मग बदलू कशाला? जरा मोकळं आकाश दाखवा त्याला. लाजाळू असेल.”

त्या दिवशी मास्तरांनी बायकोचा फोन सोबत नेला. पुलावर लॅपटॉप आणि फोन शेजारी शेजारी ठेवले. फोनने अर्ध्या मिनिटात जागा सांगितली. लॅपटॉप तीनवरच अडून बसला. म्हणजे आकाशाचा दोष नव्हता. फोनवरचा अहवाल खाते स्वीकारीत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी ते गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसले. बायको चहा घेऊन वर आली.

“अजून याला कळलं नाही का आपण कुठे आहोत ते?”

“नाही.”

“तुमच्याच खात्यातलं शोभतंय. याच्या खोक्यातली पुस्तिका वाचलीत का तरी? मिक्सर आणला तेव्हा मला किती शिकवलं होतंत.”

टोमणा वर्मी लागला, कारण पुस्तिका खरोखरच वाचलेली नव्हती. अकराव्या पानावर आकृती होती. झाकणाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात अँटेना दाखवली होती आणि खाली लिहिले होते, की या जागी धातूची वस्तू ठेवू नये. मास्तरांनी झाकण उलटे करून पाहिले. नेमक्या त्याच कोपऱ्यावर तळहाताएवढी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पक्की चिकटवलेली होती. तिच्यावर खात्याचे चिन्ह होते, मालमत्ता क्रमांक होता. पट्टी वरच्या डाव्या कोपऱ्यातच लावावी, असे परिपत्रक होते. ते कपाटांसाठी काढलेले होते. पण भांडारपालाने टेबले, पंखे आणि लॅपटॉप यांत कधी भेदभाव केला नव्हता.

“अगं, चाकू आण.”

“खात्याची पट्टी काढणार? अहो, काढल्यास कारवाई होईल, असं तिच्यावरच लिहिलंय.”

“वाचलंय मी.”

पट्टी निघाली. मिनिटभरात पडद्यावर सात उपग्रह आले.

“मग पाठवा ना आत्ताच.”

“पुलापाशी उभं राहूनच पाठवावा लागतो. शेवटची गाडी कधीच गेली.”

त्यांनी साहेबांना फोन केला. “दोष सापडला, साहेब. सकाळी क्रमांक मिळेल. पण रात्रभर कुणाला तरी तिथे उभं करा.”

“एका रात्रीने काय होतंय, मास्तर? बघा, यंत्र चांगलंच होतं. उगाच नावं ठेवत होतात.”

गुरुवारी पहिली बस पुलाच्या अलीकडेच थांबली. रस्त्यावर माणसे घोळक्याने उभी होती. दुसरा गाळा नाल्यात पडला होता. त्याच्याखाली एक टेम्पो होता, त्याची मागची चाके तेवढी वर दिसत होती. चालकाला बाहेर काढून काठावर ठेवले होते आणि तोंडावर कोणाचा तरी शर्ट टाकला होता. दगड सारणारा तो हाच का, हे मास्तरांनी विचारले नाही.

ते कठड्याच्या उरलेल्या तुकड्यापाशी गेले आणि त्यांनी लॅपटॉप उघडला. नऊ उपग्रह. चिरेची लांबी, रुंदी, आवाज, सर्व त्यांनी सोमवारच्या टिपणावरून भरले. अहवाल तत्काळ वर गेला. क्रमांक मिळाला. वेळ उमटली सात चाळीस. पूल सहाला पडला होता.

चौकशी तीन बैठकांत आटोपली. नोंदीप्रमाणे पूल पडण्यापूर्वी तेथे कोणताही तपासनीस फिरकला नव्हता. वर न गेलेल्या अहवालांचा यंत्रापाशी मागमूस नव्हता. मास्तरांनी लाल शेऱ्याचा कागद पुढे केला. तो परत पाठवलेला असल्यामुळे त्याला आवक क्रमांक नव्हता. फोनवरचे बोलणे साहेबांना आठवत नव्हते. अध्यक्षांनी खरा रस घेतला तो एकाच प्रश्नात.

“पट्टी कोणाच्या परवानगीने काढलीत?”

निलंबनाच्या दिवशी ते लॅपटॉप परत करायला भांडारात गेले. भांडारपालाने पोचपावती लिहिली, झाकण पुसले आणि नवी पट्टी बाहेर काढली.

“वीतभर खाली लावा,” मास्तर म्हणाले. “एवढंच करा. हा दुसऱ्या कुणाला तरी देणार ना तुम्ही?”

“परिपत्रकात कोपरा लिहिलाय, मास्तर. मी माझ्या मनाने लावू, आणि तुमच्यासारखा घरी बसू?”

त्याने पट्टी कोपऱ्यावर ठेवली आणि अंगठ्याने चारही बाजूंनी दाबली. मास्तरांनी सही करण्यापूर्वी लॅपटॉप खिडकीपाशी नेला, मोकळ्या आकाशाकडे धरला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिले.

तीन.