गोदाकाकूंची गाय

गल्लीतले किस्से सांगायचे नाहीत, असं मी दर चतुर्थीला ठरवते. पण ते चतुर्थीच्या भुकेसारखेच, दाबले की जास्त वर येतात! आणि नांदेडच्या आमच्या गल्लीत एस्तेरताई आणि गोदाकाकू समोरासमोर राहतात म्हटल्यावर किस्से साचणारच.

एस्तेरताई रिटायर्ड नर्स, नेमानं चर्चला जाणारी. गोदाकाकू पंच्याहत्तरीच्या, एकट्या. गल्लीत त्यांचं भांडण झालं नाही ते फक्त विजेच्या खांबाशी. तेही मी छातीठोक सांगत नाही.

*

एकदा एस्तेरताई म्हणाली, "काकू, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते."

"माझ्यासाठी कशाला? तुझ्या नळासाठी कर. रातभर टपटप करून राहिला!"

दुसऱ्याच दिवशी प्लंबर आला. ताई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघ, काकूंचं गाऱ्हाणं किती लवकर ऐकलं देवानं!"

*

मी विचारलं, "ताई, तुला त्यांचा राग येत नाही का गं?"

"येतो की! लई येतो. काल काय काय बोलल्या मला! मग त्यांच्यासाठी प्रार्थना करत करत पोळ्या लाटल्या."

"मग?"

"मग काय? इतक्या पातळ पोळ्या जन्मात झाल्या नव्हत्या!"

*

काकूंना बीपीचा त्रास. दर रविवारी चर्चहून आली की ताई मशीन घेऊन त्यांच्याकडं. काकू हात पुढं करायच्या आणि तोंड सोडायच्या. "तुला बघितलं की वाढतंय बघ माझं बीपी!"

"मग डोळे मिटा, काकू."

काकूंनी मिटले. बीपी एकदम नॉर्मल!

"बघ, म्हणलं नव्हतं?" काकू डोळे न उघडताच म्हणाल्या.

*

ताईचं बघून मलाही हुरूप आला. चातुर्मासात कुणी वांगी सोडतं, कुणी कांदा-लसूण. मी नेम धरला, गोदाकाकूंना उलट बोलायचं नाही!

हे काकूंना कुणी सांगितलं देव जाणे. रोज सकाळी गेटपाशी हजर! "रांगोळी वाकडी हाय. तुळस वाळून राहिली. अन् ही साडी? पडद्याचं कापड उरलं होतं का?" मी आपली महादेवाचं नाव घेत गप्प.

कार्तिकी एकादशी झाली, नेम सुटला. त्या दिवसापासून काकू फिरकल्याच नाहीत. रस्त्यात गाठून विचारलं, तर म्हणाल्या, "आता कशाला येऊ? आता तू बोलशील!"

वांगी सोडणं किती सोपं असतं, ते तेव्हा कळलं.

*

दर नाताळाला ताईकडून गल्लीभर फराळाची ताटं जातात. माझा उपवास असला तर राजगिऱ्याचे लाडू वेगळे बांधून. काकूंच्या ताटात करंज्या जास्त, कारण बाकीच्या बायका ताईकडं जाऊनही खातात, काकू तिथं कधी पाऊल टाकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताट घासूनपुसून परत. रिकामं द्यायचं नसतं म्हणून त्यात एक लिंबू. आणि दर वर्षी तेच वाक्य, "गायीला घातल्या."

"खाल्ल्या का गायीनं?" ताई विचारायची.

"हाव, खाल्ल्या."

ताई हसायची. पण मला एकटीला म्हणाली होती, "काकूंनी एकदा माझ्या घरात बसून एक करंजी खावी, एवढंच मागून राहिले गं देवाकडं."

*

यंदा ताईचा मुलगा तिला लातूरला न्यायला आला. घर सोडायचं, सामान बांधलेलं, टेम्पो ठरलेला. नांदेडमधला शेवटचा नाताळ. दुपारी आम्ही बायका तिच्याकडं खोक्यांवरच बसलो होतो. ताईचं लक्ष सारखं समोरच्या दाराकडं. ते बंद.

ती उठून ताट भरायला लागली. तेवढ्यात उंबऱ्यात काठी वाजली.

गोदाकाकू!

काकू आत आल्या, एकुलत्या एका खुर्चीत बसल्या, हात पुढं केला. ताईनं ताट दिलं.

काकूंनी करंजी मोडली. सावकाश चावली.

"खसखस न्हाई घातली. मागच्या साली होती."

मी ताईकडं बघितलं. ताई जमिनीकडं.

"यंदा मिळाली नाही, काकू," ती कशीबशी म्हणाली.

"लातूरला मिळती का न्हाई?" काकूंनी दुसरी करंजी उचलली. "पुढच्या साली ध्यानात ठेव. एसटी रोज येती तिकडून."